डेथ व्हॅली, पाऊस पडून गेल्यावर: एका दिवसाच्या ड्राइव्हचं परीक्षण

वर्षाला सरासरी दोन इंचांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या दरीत २० ऑगस्ट २०२३ रोजी एकाच दिवसात २.२ इंच पाऊस पडला. हिलरी वादळाचं उरलंसुरलं शेपूट होतं ते. रस्ते जागोजागी तुटले, पार्क बंद झालं आणि थेट १५ ऑक्टोबरला उघडलं. उघडलं तेव्हा दरीच्या तळातल्या बॅडवॉटर या मिठागराच्या पांढऱ्याफटक मिठावर मैलोन् मैल पाणी उभं होतं. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये आणखी दीड इंच पाऊस झाला आणि त्या पाण्यात लोकांनी चक्क कयाक चालवले.

कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली नॅशनल पार्कमधली एका दिवसाची ड्राइव्ह एरवीही पैसे वसूल करणारी आहे. अवचित पाऊस पडून गेल्यावर मात्र तिची गोडी फार वाढते. हवा धुतलेली असते, समोरची पानामिंट डोंगररांग हाताला लागेल इतकी स्पष्ट दिसते, ओल्या मातीचे रंग गडद होतात आणि क्रिओसोटच्या झुडपांचा तो तिखट, औषधी वास गाडीची काच उघडताच आत येतो. पण हे सगळं मिळवायचं तर दिवस नेहमीच्या यादीवरून आखून चालत नाही. कुठला रस्ता उघडा आहे हे आधी बघायचं, मग काय बघायचं ते ठरवायचं आणि चाक डांबरावरून खाली उतरवायचं नाही.

पाऊस थांबल्यावर किती दिवसांनी जावं

दुसऱ्याच दिवशी निघू नये. इथला पूर तुमच्या डोक्यावर पडलेल्या पावसाचा नसतो. डोंगर उघडेबोडके, माती नावापुरती, झाडोरा विरळ. वर दहा मैलांवर कोसळलेलं पाणी मुरत नाही, ते घळीतून दगडगोटे घेऊन खाली येतं. प्रत्येक घळीच्या तोंडाशी खडी आणि गाळाचा मोठा उतार पंख्यासारखा पसरलेला आहे आणि दरीतले बहुतेक रस्ते याच उतारांवरून आडवे जातात. त्यामुळे आकाश निळंभोर असताना रस्त्याच्या खोलगट भागात तांबडं पाणी वाहत असणं ही इथली नेहमीची गोष्ट आहे. ५ ऑगस्ट २०२२ रोजी काही तासांत १.४६ इंच पाऊस पडला तेव्हा सुमारे हजार माणसं आत अडकली आणि साठएक गाड्या गाळात रुतल्या.

पूर ओसरला तरी रस्ता लगेच तयार नसतो. आधी डांबरावरचा गाळ आणि दगड लोडरने ढकलावे लागतात, मग कडा तपासाव्या लागतात. हलक्या पावसानंतर मुख्य रस्ते दोनतीन दिवसांत मोकळे होऊ शकतात. मोठ्या पावसानंतर आठवडे, कधी महिने लागतात. पाणी साचलेलं बघायचं असेल तर रस्ता उघडल्यावर उशीर करू नये. इथे वर्षाकाठी बाष्पीभवनाने जवळपास १५० इंच पाणी उडू शकतं, म्हणजे पावसाच्या पंच्याहत्तर पट. उन्हाळ्यातलं वीतभर पाणी बघता बघता नाहीसं होतं, हिवाळ्यातलं जरा टिकतं.

रस्त्यांची माहिती एका ठिकाणी पूर्ण मिळत नाही, हा या सहलीतला सगळ्यात कटकटीचा भाग. राज्य महामार्ग, म्हणजे १९० आणि १२७, कॅलट्रान्सच्या (कॅलिफोर्नियाच्या वाहतूक खात्याच्या) ताब्यात आहेत. त्यांची स्थिती कॅलट्रान्सच्या क्विकमॅप या ऑनलाइन नकाशावर दिसते. बॅडवॉटर रोड, आर्टिस्ट्स ड्राइव्ह, डांटेज व्ह्यूचा रस्ता ही पार्कची जबाबदारी. त्यासाठी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवरचं डेथ व्हॅलीचं सद्यस्थितीचं पान बघावं. हवामानासाठी नॅशनल वेदर सर्व्हिसचं लास वेगास कार्यालय. तिथे ‘फ्लॅश फ्लड वॉच’ असेल तर पुरासारखी परिस्थिती तयार होते आहे असा अर्थ. ‘वॉर्निंग’ असेल तर पूर आलेला आहे किंवा येऊ घातला आहे. वॉच असतानाच बेत पुढे ढकलावा. तिन्ही पानं आदल्या रात्री एकदा आणि निघताना एकदा, अशी बघावीत. गाडीतल्या नकाशावर भिस्त ठेवू नये. बंद रस्ता त्याला ठाऊक असेलच असं नाही, आणि जवळची वाट म्हणून तो खुशाल एखादा कच्चा रस्ता दाखवतो.

गाडी, इंधन, पाणी

खाली दिलेल्या मार्गाला साधी सेडान पुरते. मोठी गाडी घेतली की कच्च्या रस्त्यांचा मोह होतो, आणि पावसानंतर तोच मोह महागात पडतो. भाड्याची गाडी असेल तर करारातलं बारीक अक्षर वाचा: बऱ्याच कंपन्यांच्या करारात डांबरी रस्त्याबाहेर गाडी नेण्याला मनाई असते आणि तिथे झालेलं नुकसान विम्यातून वगळलेलं असतं. आडबाजूला रुतलेली गाडी ओढून काढायचा खर्च हजार डॉलरच्या पुढे सहज जातो, आणि तो तुमच्याच खिशातून.

लास वेगासहून येत असाल तर पारंप या गावात टाकी फुल्ल करा. वेगास ते फर्नेस क्रीक (पार्कमधली मुख्य वस्ती) साधारण १२० मैल, दोन तासांहून थोडा जास्त वेळ. खाली सांगितलेले सगळे फाटे धरून दिवसाचं चालणं ३०० मैलांच्या वर जातं. पार्कमध्ये फर्नेस क्रीक, स्टोव्हपाइप वेल्स आणि पानामिंट स्प्रिंग्स इथे पेट्रोल मिळतं, पण दर बाहेरच्यापेक्षा बरेच चढे असतात.

पाणी माणशी एक गॅलन, म्हणजे जवळपास चार लिटर. हिवाळ्यातसुद्धा. ते प्यायचं पाणी. शिवाय चिखलाचे हातपाय धुवायला एक वेगळा कॅन ठेवा. टायरमध्ये हवा दारावरच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढीच, स्टेपनीतली हवाही तपासून घ्या. भाड्याच्या अनेक गाड्यांत स्टेपनी नसतेच, नुसतं पंक्चर भरायचं किट असतं. पुरानंतर रस्त्यावर टोकदार खडी पडलेली असते आणि तिने टायरची बाजू कापली गेली तर ते किट काही कामाचं नाही. म्हणून गाडी ताब्यात घेतानाच डिकी उघडून बघावी.

मोबाइलला फर्नेस क्रीक आणि स्टोव्हपाइप वेल्सच्या आसपास जेमतेम रेंज, बाकी शुकशुकाट. नकाशा आधीच उतरवून ठेवा.

प्रवेश शुल्क गाडीमागे ३० डॉलर, सात दिवसांसाठी. रस्त्यावर अडवून पैसे घेणारं फाटक नाही; मशिनवर किंवा व्हिजिटर सेंटरमध्ये स्वतःहून भरायचे. रोख पैसे घेत नाहीत, कार्ड लागतं.

मार्ग आणि त्याचा क्रम

पारंपहून बेल व्हिस्टा रोडने डेथ व्हॅली जंक्शनला यायचं आणि तिथून १९० धरायचा. बहुतेक लोक सरळ फर्नेस क्रीक गाठतात. तसं करू नये. वाटेत डावीकडे डांटेज व्ह्यूचा फाटा लागतो, पहिलं ठिकाण तेच घ्यावं. फाट्यापासून वरपर्यंत १३ मैल, सगळा डांबरी रस्ता. शेवटचा पाव मैल १५ टक्क्यांच्या आसपास चढ आणि तीव्र वळणं आहेत. २५ फुटांपेक्षा लांब गाडीला परवानगी नाही.

समुद्रसपाटीपासून हे टोक सुमारे ५,४७५ फुटांवर आणि सरळ खाली बॅडवॉटर समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली. मधला उतार जवळपास उभाच. पावसानंतर या दरीचा सगळ्यात चांगला देखावा इथूनच मिळतो, याबद्दल दुमत नाही. खाली उभं राहिलं की पाण्याचा फक्त काठ दिसतो; वरून तळ्याचा आकार, मिठाची पांढरी किनार आणि पाणी आटत आलेल्या भागातल्या फिकट निळ्या-हिरव्या छटा असा अख्खा नकाशा दिसतो. सकाळी यायचं कारण असं की ऊन पाठीमागून येतं आणि समोरच्या पानामिंट रांगेवर सरळ पडतं. त्या रांगेतलं टेलिस्कोप पीक ११,०४९ फूट उंच आहे. हिवाळी पावसानंतर त्याच्या माथ्यावर बर्फ असतो आणि पायथ्याशी वाळवंटात पाणी. दरीपेक्षा इथे १० ते १४ अंश सेल्सिअस थंड असतं, वाराही जोराचा. जाकीट हाताशी ठेवा.

उतरताना गिअर खाली ठेवून इंजिनावर गाडी रोखा. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर पुढच्या चाकांतून जळका वास येतोच.

परत १९० वर येऊन फर्नेस क्रीककडे जाताना ट्वेंटी म्यूल टीम कॅन्यनचा २.७ मैलांचा कच्चा एकेरी रस्ता लागतो. एरवी सेडानसुद्धा जाते, पावसानंतर मुळीच नाही. तिथली माती म्हणजे जुन्या तळ्याचा गाळ; ओली झाली की साबणासारखी निसरडी होते आणि टायरच्या खाचांत भरून बसते. पुढचं झाब्रिस्की पॉइंट मात्र सोडू नका. पार्किंगपासून छोटा पक्का चढ, दहा मिनिटांचं चालणं, आणि समोर पिवळ्या-तपकिरी मातीच्या सुरकुत्या. ओल असते तेव्हा थरांमधला फरक उठून दिसतो. ऑगस्ट २००४ मध्ये याच परिसरात आलेल्या पुराने दोघांचा जीव घेतला आणि महामार्ग उखडून नेला. खाली उतरणाऱ्या पायवाटांवर ओल असेपर्यंत जाऊ नये. पाय तर घसरतोच, शिवाय उमटलेली पावलं पुढच्या मोठ्या पावसापर्यंत तशीच राहतात.

फर्नेस क्रीकच्या व्हिजिटर सेंटरला अर्धा तास द्या. शुल्क, स्वच्छतागृह, पाणी भरणं हे तर आहेच, पण खरं कारण रेंजर, म्हणजे पार्कचे कर्मचारी. त्या दिवशी सकाळी कुठला रस्ता उघडला, कुठे अजून यंत्रं चालू आहेत, तळ्याचं पाणी बॅडवॉटरच्या लाकडी फलाटापासून किती लांब गेलं आहे, हे इंटरनेटपेक्षा त्यांना आधी कळतं. प्रश्न नेमका विचारा: ‘काय बघू?’ असं नको. ‘बॅडवॉटर रोड कितव्या मैलापर्यंत उघडा आहे, पाणी कुठून जवळ आहे?’ असं विचारलं की नकाशावर पेनाने खूण करून देतात. ही सेवा उत्तम आहे आणि फार थोडे लोक ती नीट वापरतात.

बॅडवॉटर रोड: दिवसाचा गाभा

फर्नेस क्रीकहून बॅडवॉटर १७ मैल. इथे वेग कमी ठेवायचा, कारण रस्ता सतत खाली-वर होतो. प्रत्येक खोलगट भाग म्हणजे एका ओढ्याचं पात्र. गाळ साफ केलेला असला तरी बारीक वाळूचा पातळ थर डांबरावर राहतो, आणि त्यावर ब्रेक मारला की चाक घसरतं. खोलगट भागाआधी वेग कमी करा, आत असताना ब्रेक दाबू नका. पाणी वाहताना दिसलं तर थांबा. सहा इंच वाहतं पाणी माणसाला पाडतं, फूटभर पाणी लहान गाडी हलवतं, दोन फूट पाणी बहुतेक सगळ्या गाड्या वाहून नेतं. आणि गढूळ पाण्याखाली डांबर शिल्लक आहे की नाही, हे वरून कळत नाही.

सगळ्यात जास्त फसवते ती साइडपट्टी. पुराचं पाणी डांबराच्या कडेखालची खडी धुऊन नेतं. वरून कड शाबूत दिसते, खाली पोकळी असते. फोटो काढायला म्हणून दोन चाकं खाली उतरवली की एकतर कड तुटते नाहीतर चाक वाळलेल्या पापुद्र्याखालच्या मऊ गाळात बसतं. गाडी फक्त आखलेल्या पार्किंगमध्ये किंवा पक्क्या थांब्यावर लावा. रुतलीच, तर ॲक्सिलरेटर दाबून चाक फिरवत बसू नका, ते आणखी खोल जातं. माणसं उतरवा, चाकामागचा गाळ हाताने किंवा फावड्याने उकरा, गाडीतली पायपोस मागून चाकाखाली घट्ट सरकवा आणि अगदी हळू मागे या, कारण मागची जमीन तुमच्याच चाकांनी दाबलेली असते.

बॅडवॉटरला पाणी असो वा नसो, डोंगराच्या कड्यावर उंच लावलेली समुद्रसपाटीची पाटी आधी बघा. आपण किती खाली उभे आहोत ते तिथे कळतं. पाणी असेल तेव्हा वारा पडलेला हवा. जेमतेम घोटाभर पाण्यालाही वाऱ्याने लाटा येतात आणि प्रतिबिंब मोडतं. वाऱ्याचा जोर इथे काय करू शकतो त्याचा मासला: फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी आलेल्या वादळी वाऱ्याने हे सहा मैल लांबीचं उथळ तळं दोन मैल उत्तरेकडे ढकललं, पाण्याची खोली काही इंचांवर आली आणि पार्कने बोटिंग थांबवलं. तेव्हा कयाक गाडीवर बांधून नेण्याआधी परवानगी आहे का ते विचारा. बहुतेक वेळा नसते.

या तळ्याला मॅन्ली म्हणतात. हिमयुगात इथे शेकडो फूट खोल सरोवर होतं, त्याचं नाव. आता जे साचतं त्याला बाहेर जायला वाट नाही. येतं तेवढं उन्हाने उडतं आणि मीठ मागे राहतं. पाणी आटायला लागलं की काठावर ताजे स्फटिक धरू लागतात. गुडघ्यावर बसून बघण्यासारखी गोष्ट आहे: आधी पाण्यावर कागदासारखा पातळ तवंग, मग त्याच्या कडा वर वळतात, आणि पुढे दोन भेगांच्या सांध्यावर मिठाची बोटभर उंच वरंबी उभी राहते. षटकोनी नक्षी म्हणून जी प्रसिद्ध आहे ती अशी तयार होते. अर्धवट ओल्या मिठावर चालू नका. खाली काळा चिखल असतो, बूट खेचून घेतो, आणि ती भोकं कित्येक महिने तशीच राहतात. जिथे आधीच वाट तुडवलेली आणि कडक आहे तिथूनच जा, नाहीतर काठावर थांबा.

परतीच्या वाटेवर डेव्हिल्स गोल्फ कोर्सचा कच्चा फाटा पावसानंतर बऱ्याचदा बंदच असतो. उघडा असला तरी सोडून द्या. आर्टिस्ट्स ड्राइव्ह मात्र घ्याच. ९ मैलांचा हा एकेरी डांबरी रस्ता दक्षिणेकडून सुरू होऊन उत्तरेकडे निघतो, म्हणून तो बॅडवॉटरहून परत येतानाच घ्यायचा. दुपारनंतरचं तिरकं ऊन आर्टिस्ट्स पॅलेट या रंगीत डोंगरउतारावर पडतं तेव्हा हिरवा, गुलाबी, जांभळा रंग खुलतो. ही सगळी ज्वालामुखीच्या राखेतल्या खनिजांची किमया. इथलेही खोलगट भाग तीव्र आहेत, खाली बसकी गाडी घासू शकते. २५ फुटांची मर्यादा इथेही आहे.

उजेड उरला असेल तर स्टोव्हपाइप वेल्सजवळचे मेस्किट फ्लॅटचे वाळूचे डोंगर, फर्नेस क्रीकपासून साधारण अर्ध्या तासावर. ओली वाळू घट्ट असते, चढायला एरवीपेक्षा सोपी जाते. दोन डोंगरांमधल्या सपाट जागी चिकणमातीच्या टाइल्ससारख्या भेगा पडलेल्या दिसतील. वेळ कमी असेल तर हे ठिकाण गाळलं तरी चालेल. वाळू पाऊस नसतानाही तशीच असते.

फुलांच्या आशेने येणाऱ्यांसाठी

पाऊस पडला म्हणजे आठवड्यात फुलं येतील, असं नाही. इथल्या वर्षायू झाडांच्या बियांवर उगवण रोखणारा थर असतो. अर्धा इंच वा त्याहून जास्त चांगला भिजवणारा पाऊस झाला तरच तो धुतला जातो. त्यानंतरही मधूनमधून सरी हव्यात, ऊब हवी आणि सुकवणारा वारा नको. वसंतातल्या बहराला पाऊस शरद ऋतूत किंवा हिवाळ्यात लागतो. ऑक्टोबर २०१५ च्या पुरानंतर २०१६ मध्ये दरी पिवळीधमक झाली होती, ती डेझर्ट गोल्ड या सूर्यफुलाच्या कुळातल्या फुलाने. दरीच्या तळाशी बहर साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, उंचीवर त्यानंतर. बॅडवॉटर रोडच्या दक्षिण टोकाला, अॅशफोर्ड मिलच्या बाजूला चांगला बहर येतो, पण तेवढं लांब जायचं तर डांटेज व्ह्यू किंवा वाळूचे डोंगर, यांतलं एक सोडावं लागेल. आम्ही वाळू सोडू. फुलं तोडायला मनाई आहे, आणि फोटोसाठी त्यांच्यात बसू नये: चिरडलेलं झाड बी धरत नाही.

कोणी जाऊ नये

जून ते सप्टेंबर हा वळिवाचा काळ. तेव्हा हवा अनेकदा ४५ अंशांच्या वर, दुपारी ढग उठणार, आणि रस्ता अडला तर परतीची वाट शंभर मैलांनी लांबणार. लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी सोबत असतील तर या काळात बेत करू नये. नोव्हेंबर ते मार्च हाच या ड्राइव्हचा खरा मोसम. ज्यांना रेसट्रॅक या कोरड्या तळ्याच्या मैदानावरचे सरकणारे दगड बघायचेच आहेत त्यांनीही हा दिवस त्यासाठी धरू नये. तिथे जायला २७ मैलांचा खडबडीत कच्चा रस्ता आहे आणि ओल्या मैदानावर पाऊल ठेवलं तर तो ठसा अनेक वर्षं जात नाही.

परतल्यावर

गाडी त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळी धुवा, आणि खालून धुवा. बॅडवॉटरच्या बाजूचा चिखल मिठाचा असतो. चाकांच्या कमानीत, ब्रेकच्या पाइपांजवळ आणि सायलेन्सरच्या सांध्यांवर राहिला तर गंज धरतो. परतीच्या महामार्गावर साठ मैलांच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं तर लगेच अलाइनमेंट बिघडली असं समजू नका. बहुतेक वेळा रिमच्या आतल्या बाजूला एकाच ठिकाणी वाळलेला गाळ चिकटलेला असतो आणि चाकाचा तोल जातो. पारंपला थांबून तो काठीने खरवडा, प्रेशरच्या पाण्याने आतून धुवा आणि मग पुन्हा वेग घेऊन बघा. थरथर कायम राहिली तर टायरच्या आतल्या बाजूवर हात फिरवून फुगवटा आहे का ते तपासा. फुगवटा लागला तर त्या टायरवर वेगासपर्यंत जायचं नाही.